निकाल पटला नाही? अपील, बदली अर्ज आणि तक्रार यांचा घोळ न घालता पुढे कसं जायचं

वाटपाच्या दाव्यात निकाल विरुद्ध गेला. घरी आल्यावर कुणीतरी सांगितलं, "साहेब फितूर होते, वर लिहा." मग राष्ट्रपती, मुख्यमंत्री, सरन्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि स्थानिक आमदार अशा सगळ्यांना एकच अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. दोन-तीन ठिकाणांहून पोच आली, "आपला अर्ज योग्य त्या कार्यालयाकडे पाठवला आहे" असं छापील पत्र आलं. माणसाला वाटलं, चक्रं फिरू लागली. चार महिन्यांनी तो वकिलाकडे गेला, तेव्हा अपिलाची तीस दिवसांची मुदत कधीच उलटून गेली होती.

असे लोक दर वर्षी बाररूममध्ये येतात, फाइलमध्ये पोचपावत्या व्यवस्थित लावून. त्यांच्यासाठी हा लेख आहे. महाराष्ट्रातली न्यायालयं डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे, गोव्याचंही उच्च न्यायालय मुंबईचंच असल्याने बराचसा भाग तिथे लागू पडेल.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. उच्च न्यायालयाला दोन बाजू असतात. न्यायिक बाजू निकाल बदलते, पण न्यायाधीशांवर कारवाई करत नाही. प्रशासकीय बाजू न्यायाधीशांची चौकशी करते, पण निकालातलं एक अक्षरही बदलू शकत नाही. तुमचा कागद कोणत्या बाजूला जायला हवा, हे ओळखणं म्हणजे निम्मं काम.

टप्पा १: दुखणं नेमकं कुठे आहे ते लिहून काढा

वकिलाकडे जाण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि तक्रार एका वाक्यात लिहा. दोन वाक्यं झाली तर बहुधा ती दोन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांचे रस्तेही वेगळे आहेत.

"माझे कागद असूनही साहेबांनी ते मानले नाहीत", "सातबारा पाहिलाच नाही", "साक्षीदार खोटं बोलला तरी त्यावर विश्वास ठेवला" ही सगळी अपिलाची कारणं आहेत. न्यायाधीश चुकू शकतात हे गृहीत धरूनच वरची न्यायालयं ठेवलेली आहेत. चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे.

"समोरच्या पक्षाशी साहेबांचं नातं आहे, मला इथे न्याय मिळणार नाही" हे बदली अर्जाचं कारण आहे. पण दावा अजून चालू असेल तरच. निकाल लागल्यावर बदली अर्जाला अर्थ राहत नाही.

"पैसे मागितले", "जातीवरून बोलले", "बोर्ड अकराचा असून साहेब दररोज एक वाजता बसतात" ही प्रशासकीय तक्रार आहे.

"तारखेवर तारीख पडते आहे" हे यांपैकी काहीच नसू शकतं. आधी रोजनामा (प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झालं याची नोंद) काढून बघा. मी कितीतरी रोजनाम्यांत पाहिलं आहे की दहापैकी सहा वेळा मुदत आपल्याच वकिलाने मागितलेली असते. तसं असेल तर न्यायाधीशांवर रागावून उपयोग नाही. वकिलाशी बोला. त्याने खरंच गैरवागणूक केली असेल, तर त्याची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जाते, उच्च न्यायालयाकडे नाही.

तीन छोटी दुखणीही असतात, ज्यांना अपिलाची गरज नसते. निकालपत्रात गट नंबर चुकला, नाव चुकलं, बेरीज चुकली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज द्या. तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा (निकालावरून निघणारा, अंमलात आणता येणारा आदेश) झाला असेल, तर त्याच संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली त्याच न्यायालयात तीस दिवसांत अर्ज करता येतो. समन्स नीट बजावलंच नसेल, तर हे दिवस तुम्हाला हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून धरतात. आणि युक्तिवाद संपूनही निकाल महिनोन्महिने राखून ठेवला असेल, तर दिवाणी निकाल साधारण तीस दिवसांत, आणि अपवाद म्हणून साठ दिवसांत द्यावा असं आदेश २० नियम १ सांगतो. आधी त्याच न्यायालयात निकालासाठी विनंती अर्ज द्या. त्यानेही काही हललं नाही, तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना लिहा.

सावध: लोकअदालतीत तडजोड करून सही केली असेल, तर त्या निवाड्यावर अपील नाही. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावरही नाही. "तेव्हा मला नीट समजलं नव्हतं" हे वाक्य इथे फार थोड्या लोकांना तारतं.

टप्पा २: तुमचं न्यायालय कोणत्या पायरीवर आहे ते पाहा

निकालाच्या पहिल्या पानावर वर न्यायालयाचं नाव असतं. ते शब्दशः उतरवून घ्या. "तालुक्याचं कोर्ट" एवढ्यावर कुणीही रस्ता सांगू शकणार नाही.

दिवाणी बाजूला खालून वर पायऱ्या अशा: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश, मग उच्च न्यायालय. कनिष्ठ स्तराच्या हुकूमनाम्यावर अपील जिल्हा न्यायालयात. वरिष्ठ स्तराच्या बाबतीत ते जिल्हा न्यायालयात की थेट उच्च न्यायालयात, हे दाव्याच्या मूल्यांकनावर ठरतं. ही रक्कम दुरुस्त्यांनी वाढत आली आहे, म्हणून जुन्या निकालातला आकडा डोळे झाकून धरू नका, आज लागू असलेली मर्यादा वकिलाकडून खात्री करून घ्या. फौजदारी बाजूला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा केली तर अपील सत्र न्यायालयात, सत्र न्यायालयाने केली तर उच्च न्यायालयात. आरोपी निर्दोष सुटला तर फक्त सरकारच अपील करू शकतं असा समज आहे. तो चुकीचा आहे. पीडितालाही त्या निकालावर अपिलाचा हक्क आहे.

उच्च न्यायालय म्हणजे मुंबई, असं धरून गाडी पकडू नका. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात.

आता सगळ्यात मोठा गोंधळ. तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी फेरफार, रस्त्याचा वाद, बिनशेती यांवर निर्णय देतात, त्यांच्या खोलीबाहेर "महसूल न्यायालय" अशी पाटीही असते. पण ते शासनाचे अधिकारी आहेत. त्यांच्या आदेशावरचं अपील महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २४७ खाली महसुलाच्याच शिडीने वर जातं. मुदतही वेगळी आहे: जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर साठ दिवस. फौजदारीतही हाच फरक आहे. शांतताभंगाच्या चॅप्टर केसमध्ये शासनाचे कार्यकारी दंडाधिकारी बसतात, चोरी-मारामारीच्या खटल्यात न्यायदंडाधिकारी. १९७४ पासून ही दोन माणसं वेगळी आहेत.

उलट दिशेलाही तेच लागू. दिवाणी न्यायाधीश तहसीलच्या शेजारच्याच इमारतीत बसत असतील, पण जिल्हाधिकारी त्यांचे साहेब नाहीत. पालकमंत्रीही नाहीत. जिल्हा न्यायालयं आणि त्यांखालची सगळी न्यायालयं राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली आहेत. बदल्या, बढत्या, रजा, चौकशी, सगळं तिथून होतं. राज्याचा विधी व न्याय विभाग इमारती आणि पगाराचा पैसा देतो. एखाद्या दाव्याची फाइल मागवण्याचा अधिकार त्याला नाही. म्हणूनच मंत्रालयातून तुम्हाला फक्त पोच मिळते. आणि ते तसंच असायला हवं. आज तुमच्या आमदाराचा फोन न्यायाधीशांपर्यंत पोचू लागला, तर उद्या समोरच्याच्या आमदाराचाही पोचेल.

तपासा: निकाल देणाऱ्याचं पद आणि न्यायालयाचं पूर्ण नाव, दाव्याचा किंवा खटल्याचा क्रमांक, प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक आणि निकालाची तारीख. या चार गोष्टी कागदावर आल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका.

टप्पा ३: नक्कल त्याच दिवशी मागा

निकाल ऐकून रडत किंवा चिडत घरी जाऊ नका. त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी नक्कल विभागात अर्ज द्या. निकालपत्र, हुकूमनामा आणि संपूर्ण रोजनामा, तिन्हींच्या प्रमाणित प्रती मागा. रोजनामा सगळे विसरतात, आणि पुढे तक्रार करायची असेल तर खरा पुरावा तोच असतो.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून काढलेली प्रत वाचायला ठीक. अपिलाला प्रमाणित प्रतच लागते.

घाई का, तर मुदत मोजताना नक्कल मिळवायला लागलेला काळ वगळतात (मुदत अधिनियम, १९६३, कलम १२). पण ही सवलत दोन बाजूंनी कापली जाते. मुदत संपल्यावर नक्कल मागितली तर काही वगळलं जात नाही. आणि नक्कल तयार होऊन पडली असताना तुम्ही ती पंधरा दिवस उचलली नाही, तर ते पंधरा दिवस तुमच्याच खात्यात जातात. नकलेच्या मागे शिक्क्यात तीन तारखा असतात: अर्ज केल्याची, तयार झाल्याची, दिल्याची. हातात पडताच त्या वाचा. चुकीची तारीख पडली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. महिन्याने कुणी करून देणार नाही.

टप्पा ४: मुदत मोजा, आणि ती भिंतीवर लिहा

नेहमी लागणाऱ्या मुदती अशा:

दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील: ३० दिवस.
दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील: ९० दिवस.
फौजदारी शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील: ३० दिवस.
फौजदारी शिक्षेवर उच्च न्यायालयात अपील: ६० दिवस (फाशीच्या शिक्षेवर ३०).
पुनरीक्षण (खालचा आदेश वरच्या न्यायालयाने तपासावा असा) अर्ज: ९० दिवस.
त्याच न्यायालयात पुनर्विलोकन (आपलाच निकाल पुन्हा तपासणं): ३० दिवस.
उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका (अपिलाची परवानगी मागणारी): ९० दिवस.
जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात अपील: ४५ दिवस.

निकालाचा दिवस मोजायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करायची. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. मात्र दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीच्या भरवशावर राहू नका. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी फाइलिंगच्या खिडकीवर अर्धा जिल्हा उभा असतो.

विशेष कायद्यांच्या मुदती निराळ्या असतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आदेश असेल तर सत्र न्यायालयात तीस दिवस. व्यावसायिक न्यायालयाचा असेल तर साठ. आपल्या निकालाच्या शीर्षकात कोणता कायदा लिहिला आहे, ते आधी वाचा.

उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज देता येतो, पण त्यात उशिराचं पटण्यासारखं कारण द्यावं लागतं. आजारपण, नक्कल उशिरा मिळणं, वकिलाने कळवलंच नाही, यांचे कागद असतील तर न्यायालय ऐकतं. "मी राष्ट्रपतींना अर्ज केला होता आणि उत्तराची वाट पाहत होतो" याने सहसा काम भागत नाही. चुकीच्या न्यायालयात चांगल्या हेतूने घालवलेला वेळ मुदत अधिनियमाच्या कलम १४ खाली वगळला जातो, हे खरं आहे. पण तो न्यायालयातला वेळ असावा लागतो. मंत्रालयाच्या टपालातला नव्हे.

सावध: तक्रार, निवेदन, उपोषण, माहिती अधिकार अर्ज, पत्रकार परिषद, यांपैकी कशानेही अपिलाची मुदत थांबत नाही. हे एकच वाक्य वाचून लेख बंद केला तरी माझी हरकत नाही.

टप्पा ५: अपील दाखल करा आणि स्थगिती वेगळी मागा

अपील केलं म्हणजे खालचा हुकूम आपोआप थांबतो, असं धरून लोक निवांत बसतात. मग एक दिवस दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लागते आणि न्यायालयाचा बेलिफ जमिनीचा ताबा घ्यायला येतो. अपिलासोबत स्थगितीचा स्वतंत्र अर्ज लागतो. त्याहून चांगलं म्हणजे ज्या दिवशी निकाल लागला त्याच दिवशी, त्याच न्यायाधीशांपुढे, अपील करेपर्यंत हुकूमनामा थांबवा असा अर्ज द्यायचा. आदेश ४१ नियम ५ खाली ते मुदतीपुरती स्थगिती देऊ शकतात. फौजदारीत शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील करण्यासाठी तेच न्यायालय जामीन देऊ शकतं. वकिलाने हा अर्ज आधीच टाइप करून खिशात ठेवलेला बरा.

अपील लिहिताना भाषा आवरा. "न्यायाधीशांनी प्रतिवादीशी संगनमत केलं" असं अपिलाच्या कारणांत घालणारे वकील कमी असले, तरी घालायला लावणारे पक्षकार पुष्कळ आहेत. अपिलात न्यायाधीश पक्षकार नसतात, त्यांना उत्तर देता येत नाही, आणि वरचं न्यायालय पहिल्याच पानावर नाराज होतं. लिहायचं ते असं: "निशाणी ४२ वरील खरेदीखत सिद्ध होऊनही निकालपत्रात त्याची चर्चा नाही." (निशाणी म्हणजे न्यायालयाने कागदाला दिलेला क्रमांक.) हे वाक्य कुणालाही शिवी देत नाही, आणि निकाल उलटवायला पुरेसं असतं.

नवा पुरावा अपिलात सहजासहजी घेत नाहीत. खालच्या न्यायालयात हजर न केलेलं मृत्युपत्र अपिलात काढाल, तर ते तेव्हा का दिलं नाही, हे आधी सांगावं लागेल. दुसऱ्या अपिलाचं तर आणखी अवघड. उच्च न्यायालय तिथे फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न बघतं, साक्षीदार खरा की खोटा हे नाही.

दावा चालू असताना निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाई हुकमाचा) अर्ज फेटाळला, तर त्यावर अपील आहे. बाकी बहुतेक मधल्या आदेशांवर मात्र नाही. तिथे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली (खालच्या न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार) उच्च न्यायालयात जातात. अनुच्छेद २२६ ची रिट याचिका दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक आदेशाविरुद्ध चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलं आहे.

उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. खालचे मराठी कागद भाषांतरित करावे लागतात, आणि साठ पानी उलटतपास इंग्रजीत आणायला आठवडे लागतात. हा वेळ मुदतीच्या हिशेबात आधीच धरा.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तींना मोफत वकील देतं, त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. हेल्पलाइन १५१००.

टप्पा ६: पक्षपाताची भीती असेल तर बदली अर्ज

दावा किंवा खटला चालू आहे आणि या न्यायालयात तो चालू नये असं वाटतं. दिवाणीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अर्ज. फौजदारीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ४४८ खाली सत्र न्यायाधीशांकडे, कलम ४४७ खाली उच्च न्यायालयाकडे. एकाच सत्र विभागातल्या दोन न्यायालयांमध्ये बदली हवी असेल, तर क्रम मोडू नका: सत्र न्यायाधीशांनी अर्ज फेटाळल्याशिवाय उच्च न्यायालयात तो चालत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हवी असेल तर थेट सर्वोच्च न्यायालय.

अर्जासोबत शपथपत्र लागतं. कारण ठोस हवं: न्यायाधीश पूर्वी याच प्रकरणात समोरच्याचे वकील होते, जवळचं नातं आहे, किंवा पुरावा सुरू होण्याआधीच निकाल काय लागणार ते भर न्यायालयात बोलून दाखवलं. "माझे तीन अर्ज फेटाळले" हे कारण होत नाही. फेटाळलेल्या अर्जावर रस्ता वरचा आहे, बाजूचा नाही.

एक व्यवहारातली गोष्ट. न्यायाधीशांच्या बदल्या साधारण तीन वर्षांनी, बहुधा उन्हाळी सुट्टीच्या आसपास होतात. साहेबांचा कार्यकाळ संपतच आला असेल, तर बदली अर्जावर पैसे घालवण्याआधी बाररूममध्ये विचारून बघा.

सावध: बदली अर्ज करायचा म्हणून चेंबरमध्ये जाऊन न्यायाधीशांना एकट्याने भेटणं, घरी पत्र टाकणं, ओळखीच्या माणसाकरवी निरोप धाडणं, हे काहीही करू नका. सज्जन न्यायाधीश तो निरोप रोजनाम्यात नोंदवतील, आणि पक्षपाताची बोटं तुमच्याकडे वळतील.

टप्पा ७: वागणुकीची तक्रार, योग्य टेबलावर

आता खरी तक्रार. ती जिल्हा व तालुका न्यायालयातल्या न्यायाधीशांची असेल, तर पत्ता एकच: मुंबई उच्च न्यायालय, प्रशासकीय बाजू, रजिस्ट्रार जनरल किंवा दक्षता विभागाचे रजिस्ट्रार. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फतही देता येते. मराठीत लिहायला हरकत नाही. शिरस्तेदार, कारकून, बेलिफ यांच्याबद्दल असेल तर प्रमुख जिल्हा न्यायाधीश पुरेसे आहेत. नक्कल द्यायला किंवा समन्स बजावायला कुणी पैसे मागत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तिथे पैसे देण्याआधी फोन करायचा असतो, दिल्यानंतर नाही.

निनावी तक्रारीवर वेळ दवडू नका. खालच्या न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारीसोबत शपथपत्र आणि पडताळून पाहता येईल असा मजकूर असल्याशिवाय ती विचारात घेऊ नये, असं सरन्यायाधीशांनी २०१४ सालीच उच्च न्यायालयांना कळवलं आहे. म्हणून तक्रार शपथपत्रावरच करा.

तक्रार कशी लिहायची नाही, ते आधी बघू:

"सदर न्यायाधीश भ्रष्ट असून त्यांनी पैसे खाऊन निकाल दिला आहे. सर्व गावाला माहीत आहे. तरी निकाल रद्द करून मला न्याय द्यावा."

यात तारीख नाही, घटना नाही, साक्षीदार नाही, आणि शेवटची मागणी अशी की प्रशासकीय बाजू ती मान्यच करू शकत नाही. दक्षता विभागातला अधिकारी हे वाचून "तक्रार निकालाबाबत आहे" असा शेरा मारतो, आणि फाइल बंद होते.

आता हीच तक्रार अशी लिहा:

"अमुक तारखेला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, माझा दावा पुकारला असता, उलटतपास चालू असताना, न्यायाधीशांनी मला उद्देशून पुढील शब्द वापरले. त्या वेळी न्यायालयात दोन्ही बाजूंचे वकील आणि पुढच्या दाव्याचे पक्षकार हजर होते. त्या दिवसाच्या रोजनाम्याची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. निकालाविरुद्ध मी स्वतंत्र अपील केलं असून या तक्रारीत निकालाबद्दल काहीही मागणी नाही."

ते शेवटचं वाक्य आवर्जून घाला. त्याने वाचणाऱ्याचा निम्मा संशय जातो.

कायदा न्यायाधीशांना न्यायिक काम करताना केलेल्या कृतीबद्दल संरक्षण देतो, म्हणून "चुकीचा निकाल दिला" ही फिर्याद पोलीस ठाण्यात घेत नाहीत. ठाणे अंमलदाराशी वाद घालू नका, त्याचं बरोबर असतं.

माहिती अधिकारातही हाच सापळा आहे. "न्यायाधीशांनी माझा पुरावा का नाकारला याची माहिती द्यावी" असे अर्ज येतात. न्यायाधीशांनी अमुक निष्कर्ष का काढला हे माहिती अधिकारात विचारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. कारणं निकालपत्रात असतात. नसतील तर तेच अपिलाचं उत्तम कारण.

आणि मोबाइल खिशात ठेवा. न्यायालयात गुपचूप केलेलं चित्रण पुरावा म्हणून कामी येण्याआधी तुम्हालाच अडकवतं.

तपासा: शपथपत्र, घटनेची तारीख आणि वेळ, हजर असलेल्यांची नावं, रोजनाम्याची नक्कल, निकालाबद्दल शून्य मागणी. आणि अपील त्याआधी दाखल झालेलं.

टप्पा ८: तक्रार केल्यावर गप्प राहा

न्यायालयांचा अवमान अधिनियम, १९७१ चं कलम ६ तक्रारदाराच्या कामाचं आहे. खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशांबद्दल उच्च न्यायालयाला प्रामाणिक हेतूने केलेलं कथन अवमान ठरत नाही. पण ते संरक्षण त्या पाकिटाबरोबर चालतं. तीच तक्रार गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, फेसबुकवर न्यायाधीशांचा फोटो लावून "लाचखोर" लिहिलं, की तुम्ही कलमाच्या बाहेर पडलात. अवमानाला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. निकालावर सभ्य, मुद्देसूद टीका करायला कुणाची बंदी नाही, कलम ५ तेच सांगतं. निकाल कसा चुकला ते लिहा, माणसाला विकलं गेलेलं म्हणू नका.

चौकशी वेळ खाते. आधी गोपनीय पडताळणी होते, मग त्या न्यायाधीशांचं म्हणणं घेतात, आणि पुढे शिस्तभंगाची कारवाई झाली तरी बडतर्फीचा अंतिम आदेश राज्यपाल उच्च न्यायालयाच्या शिफारशीवर काढतात. तक्रारदाराला प्रत्येक पावलाची खबर मिळत नाही. पोचेचा क्रमांक जपून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी एक साधं स्मरणपत्र धाडा, आणि अपिलाच्या तारखा सांभाळा.

तक्रार उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींबद्दल असेल तर पत्ता बदलतो: त्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती किंवा भारताचे सरन्यायाधीश. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली स्वीकारलेल्या अंतर्गत चौकशीच्या पद्धतीने ती तपासली जाते. राष्ट्रपतींकडे पाठवलेली तक्रारही फिरून तिथेच येते. न्यायमूर्तींना पदावरून काढायचा अधिकार मात्र संसदेचा: प्रस्तावावर लोकसभेच्या किमान १०० किंवा राज्यसभेच्या किमान ५० सदस्यांच्या सह्या लागतात, आणि पुढे दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. सामान्य पक्षकाराने हा रस्ता मनातही आणायचं कारण नाही. त्याच्यासाठी त्यांच्या निकालावर विशेष अनुमती याचिका आहे, आणि तिचे नव्वद दिवस निकालाच्या दुसऱ्या दिवसापासूनच चालू झालेले असतात.